जुन्या कादंबऱ्या आणि घरातील मांजरे-कुत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात सुमारे सहाशे जुन्या मराठी कादंबऱ्या, दोन मांजरे आणि एक गावठी कुत्रा असा संसार आहे. या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली कशा नांदतात, हे विचारणारी पत्रे आणि निरोप अनेक वर्षे येत आहेत. त्यांतील पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. जेथे विषय जुळतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुमच्या घरात नेमके कोण कोण आहे?

यमू ही नऊ वर्षांची मांजरी, बापू हा सहा वर्षांचा बोका आणि खंड्या हा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. तिघेही विकत घेतलेले नाहीत. यमू जिन्याखाली सापडली, बापू पावसात आला आणि गेला नाही, तर खंड्याला आमच्या जुन्या इमारतीच्या रखवालदाराने गावी परतताना आमच्या हवाली केले.

२. ही नावे कादंबऱ्यांतून घेतली आहेत का?

दोन घेतली आहेत. यमू हे नाव हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील यमुनेवरून, आणि बापू हे श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) वरून आले. खंड्याचे नाव रखवालदाराने ठेवलेले असल्यामुळे ते बदलण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. माणसाचे नाव प्राण्याला ठेवू इच्छिणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते: आमच्या सासरी बापू नावाचे एक वडीलधारे गृहस्थ आहेत आणि ते मुक्कामाला आले की चार दिवस बोक्याला नुसते ‘बोका’ म्हणावे लागते. त्या चार दिवसांत तो कोणाचेही ऐकत नाही. एरवीही फारसे ऐकतो असे नाही.

३. तुम्ही ‘जुनी कादंबरी’ कशाला म्हणता?

जिची पहिली आवृत्ती निघून चाळीस वर्षे उलटली आहेत, ती माझ्या हिशेबात जुनी. सुरुवात अर्थातच १८५७ साली आलेल्या बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून होते, कारण मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः तिचाच उल्लेख केला जातो. पेंडशांच्याच ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीला या नियमाने अजून थोडी वाट पाहावी लागेल, याबद्दल काही वाचकांनी रागाने लिहिले आहे. नियम माझा आहे आणि कपाटही माझे आहे, एवढेच मी सांगू शकते.

४. प्राण्यांची आवड आहे, पण जुन्या मराठी कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत. सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबरीने करावी. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतलेला एक म्हातारा, त्याचा टिप्या नावाचा कुत्रा, आजूबाजूची झाडे आणि पाखरे, एवढ्याच सामग्रीवर ही छोटी कादंबरी उभी आहे. ज्याच्या घरात कुत्रा आहे त्याला तिच्यातील पुष्कळसे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्यावी आणि तिसरी त्यांचीच ‘सत्तांतर’ (१९८२). शेवटची ही कादंबरी वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाची आहे आणि तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा क्रम मी मुद्दाम सुचवते. ‘बुधा’मध्ये प्राणी माणसाच्या सोबतीला आहे, ‘बनगरवाडी’त तो माणसाच्या पोटापाण्याचा आधार आहे आणि ‘सत्तांतर’मध्ये त्याला माणसाची गरजच नाही. उलट क्रमाने वाचल्यास ‘बुधा’ उगाच गोड वाटण्याचा धोका आहे.

५. जुन्या मराठी कादंबऱ्यांत आपल्यासारखे लाडाचे पाळीव प्राणी का दिसत नाहीत?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते तो थोडा चुकीच्या बाजूने विचारला जातो. प्राणी तेथे भरपूर आहेत, परंतु ते सोफ्यावर नसून गोठ्यात, दावणीला, वाड्याच्या उंबऱ्यावर आणि चुलीजवळ आहेत. प्रत्येकाला काम आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा रात्री भुंकतो आणि मांजर उंदरांपासून धान्याची कणगी राखते. काम आहे म्हणून माया नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. वर्षातून एकदा पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी भरवणारा आणि वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणारा समाज या कादंबऱ्या लिहीत आणि वाचत होता. त्या समाजात जनावर हे ‘घरचे’ होते, आणि घरच्या माणसाचे जसे येता-जाता कौतुक केले जात नसे, तसेच जनावराचेही केले जात नसे.

‘बनगरवाडी’ याच दृष्टीने वाचून पाहावी. धनगरांच्या त्या वस्तीत मेंढरू हे लाडाचे नाही, पण त्याच्यावाचून वस्तीला अर्थ नाही. दुष्काळात मेंढरे मरू लागतात आणि माणसे वाडी सोडून निघतात. शाळेच्या मास्तरच्या डोळ्यांपुढे वस्ती ओस पडते. आपण ‘पाळीव’ हा शब्द प्राण्याने आपल्यावर अवलंबून राहावे या अर्थाने वापरतो, परंतु येथे अवलंबून असलेला पक्ष कोणता, हे त्या शेवटच्या पानांवर लख्ख दिसते.

अपवादही आहे, आणि तो बहुतेकांनी लहानपणीच वाचलेला असतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ती कादंबरी की आठवणी, हा वाद येथे नको. तिच्यात ‘मोरी गाय’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि मथी नावाची मांजरही आहे. मथी उंदीर किती मारते याचा हिशेब गुरुजी देत नाहीत. ती आईची आवडती आहे, एवढीच तिची ओळख आहे. मराठी पुस्तकांतल्या मांजरांमध्ये माझ्या लेखी पहिला मान तिचाच.

६. वाचण्यापूर्वी एवढेच सांगा: प्राणी शेवटी मरतो का?

नुकताच घरातील प्राणी गेला असेल तर हा प्रश्न विचारण्यात काहीही कमीपणा नाही. ‘बनगरवाडी’त मेंढरे मरतात, हे वर आलेच आहे. ‘श्यामची आई’मध्ये आई गेल्यावर मथी अन्नाला तोंड लावत नाही आणि तिच्या मागोमाग जाते. आमच्या आधीच्या मांजरीनंतर ती पाने मी दीड वर्ष उघडली नव्हती. ‘सत्तांतर’मध्ये हिंसा आहे आणि ती सौम्य करून सांगितलेली नाही. ‘माचीवरला बुधा’चा शेवट मी सांगणार नाही, कारण तो माहीत नसताना वाचण्यातच त्या कादंबरीचे बरेचसे सुख आहे. अशा काळात प्राणी नसलेलेच पुस्तक हवे असेल, तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) घ्यावी. युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीवर ती घडते. तिच्यातील दुःख माणसांचे आहे.

७. जुन्या पुस्तकांत मांजरीला दूधभात आणि कुत्र्याला भाकरी घालतात. मग आजचे पशुवैद्य तेच नको का म्हणतात?

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. वाड्यातील किंवा खेड्यातील मांजरीला मिळणारा दूधभात हे तिचे वरखाणे होते. मुख्य जेवण ती माळ्यावर, परसात आणि शेतात स्वतः मिळवीत असे आणि ते उंदीर, पाली, पाखरे असे सगळे मांसाहारी असे. मांजरीच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसातूनच मिळावे लागते, आणि न मिळाल्यास दृष्टिपटल तसेच हृदयाचे स्नायू निकामी होतात. हृदयाच्या या आजाराचा टॉरिनशी असलेला संबंध संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात उंदीर नाही, म्हणून तेथे दूधभात हे वरखाणे न राहता उपासमार ठरते. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात.

कुत्र्याचे पोट याबाबतीत अधिक समजूतदार असते. खंड्याला ज्वारीची भाकरी आवडते आणि पचते, पण ती अंडी किंवा मांसासोबत दिली जाते. वाचता वाचता तोंडात टाकायला आपण मनुका, बेदाणे किंवा चॉकलेट घेऊन बसत असू, तर ती वाटी कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवावी. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटही त्याच्यासाठी विषारी आहे.

८. मांजर नेमके उघड्या पुस्तकावरच येऊन का बसते?

कारण आपले लक्ष तेथे असते. आपली नजर आणि हात ज्या जागी स्थिर आहेत, ती जागा मांजराच्या दृष्टीने घरातील सर्वांत महत्त्वाची जागा असते. पुस्तकाच्या कोपऱ्याला ती गाल घासते तेव्हा गालावरील ग्रंथींचा गंध त्याला लावून ते आपल्या मालकीचे असल्याची नोंद करीत असते. उपाय म्हणून शेजारी एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवावा. दहापैकी सात वेळा तो पुरतो. उरलेल्या तीन वेळा मी वाचन थांबवते.

९. पुस्तकांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर चालतील का?

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर चालणार नाहीत, आणि या उत्तराला अपवाद नाही. डांबराची, म्हणजे नॅप्थलीनची, गोळी हवेत उडून तिची वाफ होत असते. तीच वाफ किडीला मारते आणि बंद खोलीत प्राण्यांनाही बाधते. गोळी गिळली गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी आणि यकृत यांना इजा होते. मांजरीच्या यकृताची अशी द्रव्ये निष्प्रभ करण्याची ताकद कुत्र्याहूनही कमी असते, म्हणून तिला धोका अधिक.

‘मग देवघरातला कापूर ठेवू का?’ असे लगेच विचारले जाते. कापूरही नको. तो नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. उग्र वासाची तेले कपाटात शिंपडण्याचा सल्लाही मांजर असलेल्या घराने मानू नये. गोळी किंवा कापूर खाल्ल्याची शंका आली, तर घरच्या घरी मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता वेष्टनासकट पशुवैद्याकडे जावे.

१०. मग कसर आणि वाळवी रोखायची कशी?

कसर ही ओलाव्यावर आणि पिठूळ पदार्थांवर जगते. जुन्या बांधणीतील खळ हे तिचे पक्वान्न असते. म्हणून पहिला उपाय ओलावा कमी करण्याचा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, पुस्तके गच्च कोंबू नयेत, आणि पावसाळ्यात कोरड्या दिवशी दारे दोन तास उघडी ठेवावीत. आपल्याकडे पोथ्या सुती बासनात बांधून ठेवत. कापडातून हवा खेळते, प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ओलावा अडकतो आणि बुरशी येते, त्यामुळे दुर्मीळ प्रतींना मी आजही बासनच वापरते. कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवण्यास हरकत नाही, परंतु त्यांच्यावर सगळा भरवसा टाकू नये. वेखंड ठेवायचे असेल तर पुरचुंडी दाराआड, प्राण्याचे तोंड पोहोचणार नाही अशी ठेवावी.

कीड लागलेले पुस्तक हाती आले, तर ते घट्ट बंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते. मटारशेजारी हरिभाऊ आपटे हे दृश्य घरच्यांना रुचत नाही, पण या उपायात विष नाही.

येथे प्राण्यांचाही वाटा आहे. गळलेल्या केसांचे पुंजके कपाटामागे साठतात आणि केस खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या त्यांवर पोसल्या जातात. मांजराला रोज विंचरणे ही पुस्तकांचीच निगा आहे. वाळवीचा प्रश्न मात्र या उपायांच्या पलीकडचा आहे. फवारणी करून घ्यावीच लागली, तर प्राण्यांना त्या काळात दुसरीकडे न्यावे.

११. आमचा कुत्रा नव्या पुस्तकांना हात लावत नाही, पण जुनी चावतो. असे का होते?

कारण जुन्या पुस्तकाला खाण्याचा वास येत असावा. त्याच्या पाठीला पिठाची खळ किंवा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस असतो, आणि कधी चामड्याची पट्टीही असते. नव्या पुस्तकाच्या पाठीला रासायनिक गोंद असतो, त्याचे कुत्र्याला अप्रूप नसते. पिल्लाचे दात येत असतील तर खालचे दोन कप्पे रिकामे करणे हाच उपाय. खंड्याच्या पहिल्या वर्षी आमच्या खालच्या कप्प्यांत चपला आणि वरच्या कप्प्यांत वाङ्मय होते.

पुन्हा बांधणी करून घेताना एक गोष्ट जरूर विचारावी. किडीपासून बचाव म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) मिसळण्याची बांधणीकारांची जुनी पद्धत आहे. पुस्तकासाठी ती चांगली, पण मोरचूद पोटात गेल्यास विषारी आहे. एका बांधणीकाराकडून आलेला उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीचा खंड खंड्याने अर्धा तास चाटला आणि ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. तो वाचला. बांधणीकाराचा दोष नव्हता, मी विचारलेच नव्हते. आता मी साधी खळ लावायला सांगते आणि पुस्तक पूर्ण वाळेपर्यंत बंद कपाटात ठेवते.

१२. बोक्याने पुस्तकांवर मुतले आहे. पुस्तक वाचवता येईल का?

अर्धवट येईल. पाणी लावून धुऊ नये, कारण १९४० ते १९६० च्या दशकांतील बराचसा कागद आम्लयुक्त असून आधीच पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. टिपकागद दाबून ओल शोषून घ्यावी, पाने सुटी करून सावलीत वाळवावीत, आणि नंतर झाकणाच्या डब्यात खाली खाण्याच्या सोड्याची वाटी व वर जाळीवर पुस्तक असे काही आठवडे ठेवावे. डाग राहतो, वास कमी होतो. शेजारची पुस्तके तपासायला विसरू नये.

मूळ कारण मात्र बोक्याचे आहे. नसबंदी न झालेला बोका हद्द आखण्यासाठी उभ्या पृष्ठभागावर फवारा मारतो आणि पुस्तकांची रांग ही त्याला आदर्श भिंत वाटते. नसबंदीनंतर बहुतेक बोके हे थांबवतात. नसबंदी झालेला बोका एकाएकी असे करू लागला, तर ते मूत्रमार्गाच्या आजाराचे लक्षण असू शकते. लघवी अडली असेल तर तो तातडीचा प्रसंग आहे आणि तेव्हा पुस्तकांचा विचार दुसऱ्या दिवशी करावा. वाळूची भांडी मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असावीत.

१३. या कादंबऱ्या आज कोठे मिळतात?

प्रश्न ४ मधील तिन्ही कादंबऱ्यांच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत आणि त्या चांगल्या दुकानांत मिळतात. न मिळणाऱ्यांसाठी जुनी ग्रंथालये हाच खरा आधार आहे: पुणे नगर वाचन मंदिर (स्थापना १८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), आणि कोकणात असाल तर १८२८ पासून चालत आलेले रत्नागिरीचे नगर वाचनालय. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात जुनी पुस्तके मिळतात. तेथे घेतलेली प्रत घरात नेण्यापूर्वी प्रश्न १० मधील फ्रीजरची शिक्षा भोगते.

१४. जुनी कादंबरी इंटरनेटवरून फुकट उतरवून घेणे कायदेशीर आहे का?

ते पुस्तकाच्या वयावरून ठरत नाही, लेखकाच्या मृत्यूवरून ठरते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे लेखनहक्क (कॉपीराइट) राहतो. हरिभाऊ १९१९ साली वारले आणि साने गुरुजी १९५० साली, म्हणून त्यांची पुस्तके मुक्त आहेत. याउलट वि. स. खांडेकर १९७६ साली वारले, त्यामुळे त्यांची १९३० च्या दशकातील कादंबरीही २०३७ च्या आरंभापर्यंत मुक्त होत नाही. दांडेकर (१९९८) आणि माडगूळकर (२००१) यांची पुस्तके विकत किंवा ग्रंथालयातूनच घ्यावीत.

१५. मला मांजराची ॲलर्जी आहे. तुमच्याकडचे पुस्तक वाचायला नेले तर त्रास होईल का?

होऊ शकतो. ॲलर्जी केसांची नसून मुख्यतः मांजराच्या लाळेतील आणि त्वचेतील एका प्रथिनाची असते, आणि ते सूक्ष्म कणांच्या रूपाने कापडावर, कागदावर महिनोन्‌महिने टिकते. अशा मित्रांसाठी एक कपाट मी मांजरांना बंदी असलेल्या खोलीत ठेवले आहे. दमा असेल त्यांनी तेही पुस्तक नेऊ नये.

१६. तुम्ही कुत्र्याला कादंबरी वाचून दाखवता हे खरे आहे का?

होय. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील वऱ्हाडी संवाद मोठ्याने वाचल्याशिवाय माझ्यासारख्या पुणेरी कानाला नीट लागत नाहीत, आणि ऐकायला खंड्याच तेवढा जागा असतो. नायिका कौतिक रागावली की तो मान वर करतो. त्याला कथानक कळते असा माझा दावा नाही. आवाज चढलेला मात्र त्याला कळतो.

१७. पुस्तक ग्रंथालयाचे असेल आणि प्राण्याने खराब केले तर काय करावे?

चिकटपट्टी लावू नये, हे सर्वांत आधी. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि कागदात उतरतो. फाटलेले तुकडे, अगदी कुत्र्याच्या तोंडातून काढलेलेही, वाळवून पाकिटात घालावेत आणि पुस्तकासह स्वतः जाऊन ग्रंथपालांना दाखवावेत. बाजारात मिळणारे पुस्तक असेल तर नवी प्रत देऊन भागते. न मिळणारे असेल तर दंडाबरोबरच, दुसऱ्या ग्रंथालयातील प्रतीवरून हरवलेली पाने मिळवता येतील का, हे ग्रंथपालांनाच विचारावे.

माझ्यावर हा प्रसंग एकदाच आला. यमूने एका १९५० च्या दशकातील प्रतीच्या चार पानांचे कोपरे कुरतडले होते. ग्रंथपालबाईंनी पाने पाहिली, दंडाची पावती फाडली, आणि नोंदवहीत ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात ‘मांजर’ एवढेच लिहिले. मग चष्मा काढून विचारले, ‘रंग कोणता?’